मामा संगं हाय

व्यंकट आमच्या सीमाभागातल्या चिटगुप्प्याच्या कॉलेजात आला तेव्हा कॉलेजला मैदान होतं आणि खेळ नव्हता. तांबड्या मातीचं ते मैदान सकाळी म्हशींचं आणि संध्याकाळी पत्ते खेळणाऱ्यांचं. प्राचार्यांनी त्याला स्टाफरूममध्ये आणून उभं केलं. हे नवे फिजिकल डायरेक्टर, गेस्ट म्हणून घेतलेत. गेस्ट म्हणजे दर वर्षी नव्यानं नेमायचा माणूस. टीम उभी राहिली तर पुढच्या वर्षी बोलावणं, नाहीतर रामराम. मी तेव्हा राज्यशास्त्र शिकवत होते. असे गेस्ट मी बरेच येता-जाताना पाहिले होते, म्हणून मी तपासायचे पेपर काही खाली ठेवले नाहीत.

"कुठला खेळ घेणार?" कन्नड शिकवणाऱ्या वीरण्णांनी विचारलं.

"सॉफ्टबॉल. पोरींचा."

"सॉफ्ट म्हणजे बरं झालं. कुणाला लागायचा नाही."

"लागतो की सर. नाक फुटतं," व्यंकट म्हणाला, आणि स्वतःचं वाकडं नाक दाखवलं. तेव्हा मी पेपर खाली ठेवले.

तो राजेश्वरचा, शेतकऱ्याच्या घरचा. उदगीरला शिकायला होता, तिथं त्याला या खेळाचा नाद लागला. बेसबॉलचा चुलतभाऊ समजा. नऊजणी मैदानात, चार कोपऱ्यांना बेस, आणि मधल्या गोलात पिचर. ती हात वरून गरकन फिरवून चेंडू खालून सोडते. सगळा खेळ तिच्या मनगटावर असतो. याहून जास्त मला विचारू नका. पुढं कितीतरी वर्षं मी त्या टीमबरोबर फिरले, पण फिरले ते लेडी मॅनेजर म्हणून. पोरींची टीम बाहेर न्यायची तर बरोबर बाई लागते. बाकीच्या बायांना घरी लेकरं होती, मी मोकळी होते. निवृत्त झाले तरी कॉलेजनं मला सोडलं नाही.

पहिल्या वर्षी त्याला पोरीच मिळेनात. आसपासच्या गावांत तो मोटारसायकलवर दारोदार फिरायचा, आणि दारोदार त्याला चहा मिळायचा, पोरगी मिळायची नाही. एका घरी मीच बरोबर होते. बाप ओसरीवर बसून म्हणाला, "सर, तुमी चांगले असचाल. पर वयात आलेल्या पोरी घेऊन गावोगाव हिंडायलाव, तुमचं लगीन न्हाई झालं, मी कशावर धाडू?" बाप चुकीचं काही बोलत नव्हता. मला राग आला तो याचा, की मी पांढऱ्या केसांची बाई समोर बसले होते आणि माझी हमी कुणाला नको होती.

प्राचार्यांनी त्याला आणखी एक वर्ष दिलं, आणि त्या दुसऱ्या वर्षी त्याची भाची कॉलेजात आली. विजयश्री. व्यंकटची थोरली बहीण शकुबाई मन्नाएखेळ्ळीला दिलेली. तिचे यजमान श्रीपतराव यांचं हायवेला बी-बियाणाचं दुकान. आई लवकर गेली, म्हणून व्यंकटला या बहिणीनंच वाढवला. तो तिला आक्का म्हणायचा आणि तिच्यापुढं खालच्या आवाजात बोलायचा.

पोरीला खेळात मागायला आम्ही दोघं मन्नाएखेळ्ळीला गेलो. श्रीपतराव काही बोलायच्या आत शकुबाई म्हणाली, "मागायलास काय? तुझीच हाय. घेऊन जा."

श्रीपतराव हसले. व्यंकटही हसला आणि गप्प बसला.

आता हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. आमच्याकडं सख्ख्या मामाला भाची देतात. मामाचा पहिला हक्क. त्यानं नाही म्हटलं तर मग बाहेर बघायचं. म्हणून 'तुझीच हाय' हे शकुबाईनं काही लाडानं म्हटलेलं नव्हतं. तो शब्द होता, आणि व्यंकटनं तो ऐकून घेतला. परतताना मी विचारलंही, "तुला कळलं ना ती काय म्हणाली?"

"आक्का तसंच बोलती मॅडम. लहानपणी मी विजीला पाठीवर घेऊन फिरलो. भाची हाय माझी."

"मग तिथंच सांगायचं होतंस."

"सांगू की. घाई काय हाय?"

घाई नव्हतीच, उलट फायदा होता. महिन्याभरात चिटगुप्प्यात बोलबाला झाला, की सरांची होणारी नवरीच टीममध्ये आहे. म्हणजे सर आता मोकळा माणूस राहिला नाही, ठरलेला माणूस झाला. ज्या बापानं ओसरीवरून परत धाडलं होतं तोच पोरीला घेऊन मैदानावर आला. पोरी बस पकडायला उभ्या राहिल्या आणि कुणी विचारलं, की त्या सांगायच्या, "विजीचा मामा संगं हाय." विचारणारा वाटेला लागायचा. माझ्या पांढऱ्या केसांनी जे झालं नाही ते एका न बोललेल्या वाक्यानं झालं.

कोच म्हणून तो फार चांगला होता, हे सांगितलंच पाहिजे. ओरडायचा नाही. चुकलेल्या पोरीला बाजूला घेऊन तिच्याच घरच्या भाषेत बोलायचा. मराठी, कन्नड, दखनी, औरादकडची एक होती तिच्याशी मोडकं तेलुगू. मैदानात नातं नाही, असा त्याचा नियम होता. विजयश्री त्याला घरी मामा आणि गोलात सर म्हणायची. पिचरचा तिचा हात देवानं दिलेला होता, पण मनगट त्यानं घडवलं. ओला टॉवेल हातात देऊन तो तिला भिंतीसमोर उभी करायचा आणि म्हणायचा, टॉवेलचा फटका ऐकू आला पाहिजे. कॅचर होती मंजुश्री, चिटगुप्प्याच्या किराणा दुकानदाराची पोरगी, जिभेला हाड नसलेली. विजयश्रीचे चेंडू झेलून तिचा तळवा सुजायचा.

"काय गं, माझ्यावरचा राग काढायलीस का मामावरचा?"

"तुझ्यावरचा. मामावरचा वेगळा ठेवलाय."

तिसऱ्या वर्षी पोरी कलबुर्गीला विद्यापीठाची स्पर्धा जिंकल्या. ज्यांच्या बापांनी कलबुर्गी पाहिली नव्हती त्यांचे फोटो पेपरात आले. त्याच्या पुढच्या वर्षी विद्यापीठानं व्यंकटलाच आपल्या टीमचा कोच नेमला आणि निम्मी टीम आमच्याच कॉलेजची निघाली. आता देशभरातल्या विद्यापीठांची स्पर्धा, आंध्रात. कायमच्या नेमणुकीसाठी नाव पुढं पाठवू, असं प्राचार्य पहिल्यांदाच म्हणाले.

या सगळ्या काळात श्रीपतराव विचारतच होते. दिवाळीला विचारलं, संक्रांतीला विचारलं. व्यंकटचं उत्तर एकच. एवढी टूर्नामेंट होऊ द्या दाजी. मला त्याची चीड यायला लागली होती. एकदा मैदानाच्या कडेला मी त्याला धरला.

"हो का नाही, एक काहीतरी सांग त्यांना. पोरीला स्थळं येतात, ते परत पाठवतात. तुझ्या भरवशावर."

त्यानं पोरींकडं पाहिलं. त्या पळत होत्या. "न्हाई म्हणलो तर उद्या यातली एक येनार न्हाई मॅडम."

"आणि विजयश्री?"

"तिच्यासाठीच तर करायलो. ती खेळली तर पोलिसात लागंल, कुठं तरी लागंल."

"तिला विचारलंस?"

तो म्हणाला, तिला काय विचारायचं, ती मला मामा म्हणती.

आंध्राला निघायचं त्या सकाळी टीमची गाडी हायवेनं मन्नाएखेळ्ळीहून विजयश्रीला घेऊन पुढं जाणार होती. पोहोचलो तर श्रीपतरावांच्या दारात चपलांचा ढीग. आत दोन पाट मांडलेले. शकुबाईनं मला हाताला धरून आत नेलं. "इतके दिस पोरगी त्याच्या संगं ऱ्हानार, परमुलखात. लोकं तोंड घालायले. मग म्हणलं, कुंकू लावून टाकावं आन् मग धाडावं." कुंकू लावणं म्हणजे आमच्याकडचा लहानसा साखरपुडाच. चार बायका, चार पुरुष, साडी, टॉवेल-टोपी, झालं. त्याच्यानंतर माघार नसते.

श्रीपतराव दारातच उभे होते. ते व्यंकटला शांतपणे म्हणाले, "बसा. न्हाई बसायचं तर पोरगी गाडीत बसनार न्हाई." गाडीत बाकीच्या पोरी खिडकीतून बघत होत्या. पिचरशिवाय ती टीम म्हणजे नुसती सहल होती.

व्यंकट पाटावर बसला. विजयश्रीही आली आणि बसली. तिच्या अंगात ट्रॅकसूट, त्याच्यावरूनच नवी साडी टाकलेली. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं नाही. मी त्याच्याकडं बघत होते, तो टोपी नीट करत होता. अर्ध्या तासात आम्ही हायवेवर होतो आणि पोरी मागं गाणी म्हणत होत्या.

स्पर्धेत पहिल्याच सामन्यात विजयश्रीचा हात बिघडला. चेंडू कुठंही जायला लागले. फुकटचे बेस मिळून समोरची टीम हसायला लागली. कसाबसा तो सामना आम्ही काढला, तोही मंजुश्रीच्या फटक्यांवर. सामना संपल्यावर मैदानामागच्या नळावर पोरी तोंड धूत होत्या. व्यंकट तिथं आला. मी बादलीशेजारी बसले होते.

"विजे, मनगट कुठं गेलं तुझं?"

तिनं तोंड पुसलं नाही. "तुला काय म्हणून हाक मारू ते आधी सांग. मैदानात सर म्हणायले, घरी मामा म्हणायले. आता नावबी घ्यायचं न्हाई म्हणे. मग आता तोंडच उघडू नको का?"

"म्या काय केलो?"

"पाटावर बसलास की."

"तुझ्यासाठी बसलो. न्हाईतर दाजी तुला धाडत नव्हते."

 "आन् मी तुझ्यासाठी बसले. म्हणलं, याला पाहिजे असंल, यानंच मला खेळायला आणलं, आता न्हाई कसं म्हणू."

"म्हणजे तुला नको व्हतं?"

"तुला व्हतं का?"

"अय्यो," मंजुश्री नळ बंद करत म्हणाली, "मग टॉवेल-टोपी फुकटच गेली की."

आधी विजयश्री हसली. मग व्यंकट. मग नळावरच्या सगळ्या. मी त्या दोघांना इतकं हलकं झालेलं त्याआधी पाहिलं नव्हतं. व्यंकट म्हणाला, "घरी गेल्या गेल्या मी आक्काला सांगतो. मीच सांगतो. तू काळजी करू नको." पुढचे सामने विजयश्री अशी खेळली की दुसऱ्या टीमचे कोच येऊन विचारायला लागले, ही कुठली. उपांत्य सामन्यात आम्ही हरलो, पण आमचं विद्यापीठ तिथवर कधी पोचलंच नव्हतं.

तेव्हाही मला धाकधूक होती. कारण यात एक गाठ होती, जी नळावर हसताना कुणाच्या लक्षात आली नाही. मामानं भाची सोडली तर लोक म्हणतात, घरच्यानंच नको म्हटली म्हणजे पोरीत काहीतरी खोट आहे. आणि भाचीनं मामाला नाकारलं तर पोरगी माजली, बाहेर कुणीतरी आहे. दोन्हीकडून पोरगीच. तिला वाचवायची एकच वाट होती. व्यंकटनं चारचौघांत सांगायचं, की आम्हा दोघांनाही नको होतं, मी माझ्या टीमसाठी गप्प बसलो, चूक माझी. गाडीत मी त्याला हे शब्द न् शब्द सांगितलं. तो मान डोलवत होता.

मन्नाएखेळ्ळीला हार घेऊन माणसं उभी होती. घरात बसवलं, चहा आला. श्रीपतराव खुशीत होते. "आता तारीख काढू. मॅडम, तुमीच सांगा, तुमच्या कालेजाला सुट्टी कवा?"

सगळे व्यंकटकडं बघायला लागले. विजयश्री आतल्या दारात उभी होती, ती पण. व्यंकट बशीतल्या चहाकडं बघत होता. बशी ओठाला लावली, खाली ठेवली. दारात कॉलेजच्या दोन पोरींचे बाप उभे होते. पोरींना न्यायला आलेले. ते त्यानं पाहिले, आणि त्यानं ते पाहिलेले मी पाहिले.

 मग विजयश्रीच म्हणाली, "मला लगीन न्हाई करायचं. मामासंगं न्हाई."

शकुबाई उठली आणि तिनं पोरीच्या तोंडात मारली. पाहुणे चहाचे कप धरून तसेच बसले. श्रीपतराव व्यंकटला म्हणाले, "तुमी काय म्हणता?"

आता तरी, असं मला वाटलं.

"तिची मर्जी, दाजी," व्यंकट म्हणाला.

"व्यंकट, नीट सांग," मी म्हटलं. "अर्धं सांगू नकोस. श्रीपतराव, यालाही नको होतं. हा सुरुवातीपासून..."

"मॅडम," श्रीपतराव हात जोडून म्हणाले, "तुमी पोरीची बाजू घ्यायलाव, कळतं मला. पर हे घरातलं हाय."

तीन शब्द. 'तिची मर्जी, दाजी.' यात खोटं एकही नव्हतं. आणि त्या तीन शब्दांवर त्याची सगळी पुढची कारकीर्द उभी राहिली.

कारण गावानं निकाल लावला तो त्याच्या बाजूनं. सर देवमाणूस. कुंकू लागलेलं असून पोरीवर जबरदस्ती केली नाही, दाजींना उलट बोलला नाही. अशा माणसाबरोबर पोरी धाडायला काय हरकत? पुढच्या वर्षी मैदानात इतक्या पोरी आल्या की दोन टीम झाल्या असत्या. त्याची नेमणूक कायम झाली. त्याच्या हाताखालच्या पोरी राज्याकडून खेळल्या, दोघी पोलिसात लागल्या. विजयश्रीला मात्र बापानं शेवटची परीक्षा तेवढी देऊ दिली. मैदान बंद. आंध्रात तिचं कुणीतरी आहे, हे मला बाजारात बायका खात्रीनं सांगायच्या, आणि मी तिथं रोज तिच्याच खोलीत झोपत होते हे सांगितलं की म्हणायच्या, तुम्हाला काय कळतंय मॅडम. औरादकडचं एक बिजवराचं स्थळ आलं. तिनं तेही नाकारलं आणि कलबुर्गीला निघून गेली. एका खाजगी शाळेत तिला खेळाची बाई म्हणून लावायला मी शब्द टाकला. बायकांच्या हॉस्टेलात राहते. शाळेत लेझीम आणि कवायत घेते. सॉफ्टबॉलचं सामान त्या शाळेत नाही.

व्यंकटनं लग्न केलं नाही. लोक त्यालाही त्याचा मोठेपणा म्हणाले.

गेल्या वर्षी चिटगुप्प्यात त्याचा सत्कार झाला. शाल घालायला श्रीपतरावांना बोलावलं होतं. त्यांनी शाल घातली आणि माईकवर म्हणाले, "माझ्या पोरीनं ह्यांचा मान ठेवला न्हाई. पर ह्यांनी आमचं नातं सोडलं न्हाई. असा मानूस व्हनार न्हाई." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. कार्यक्रम संपताच व्यंकट माझ्या घरी आला. शाल हातात गोळा करून धरलेली.

"मॅडम, चला. आक्काला सांगायचंय."

"इतक्या वर्षांनी?"

"दाजींनी पोरीचं नाव माईकवर घेतलं. मी खाली मान घालून उभारलो. मला घरी जाववंना."

सकाळी आम्ही मन्नाएखेळ्ळीला गेलो. शकुबाई सुपात तूर पाखडत बसली होती. व्यंकट तिच्यासमोर खाली बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. मला पहिल्यापासून नको होतं. टीम मोडंल म्हणून गप्प बसलो. विजीनं माझ्या वाटचं बोलून घेतलं.

शकुबाईनं सूप थांबवलं नाही. "ठाव हाय मला."

"कवापासून?"

"पाटावर बसलास तवापासून. तुला म्या न्हाऊ घातलंय, तुझं तोंड मला कळंना व्हय?"

"मग तिला मारलीस कामून, आक्का? सांगायचं की."

"तू गप बसलास म्हून." तिनं आता सूप खाली ठेवलं. "तुझं नाव गेलं असतं तर तुझं कालेज गेलं असतं. पोरीचं काय, लगीन केलं की तिला दुसरं घर, दुसरं नाव. मला वाटलं, हे चार दिसांचं हाय."

"चार दिवस झाले का मग?" मी विचारलं.  तिनं डोळ्याला पदर लावला नाही. तुरीतून वेचलेल्या खड्यांची मूठ उघडून ती नुसती बघत बसली.

व्यंकट उठला आणि रस्ता ओलांडून दुकानात गेला. श्रीपतरावांपुढं गिऱ्हाईकं होती. त्यांच्यादेखत त्यानं पुन्हा तेच सगळं सांगितलं. मी बाहेर उभी होते, शब्द ऐकू येत होते. श्रीपतरावांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आता या दुकानाची पायरी चढू नका." एवढंच.

ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. कुंकू लावून घेऊन वर्षानुवर्षं फसवणारा माणूस आता पोरींना कुठं नेणार, असं बाप म्हणाले, आणि यंदा मैदानात सहा पोरी उरल्या. सहाजणींची टीम होत नाही. प्राचार्य नवे आहेत, ते कबड्डीचं बोलतात.

मी विजयश्रीला फोन करून सगळं सांगितलं. मामाचं, दुकानाचं, आईचंही. लपवालपवी या घराला पुरे झाली, असं माझं मत. तिनं मध्ये एकदाही थांबवलं नाही.

मग म्हणाली, "म्हणजे आईला सांगितलं, अप्पाला सांगितलं, गिऱ्हाईकाला सांगितलं."

"हो."

"मला कोण सांगायचं, मॅडम? तुमी?"

 संध्याकाळी मी मैदानावर जाऊन तिचे शब्द व्यंकटला जसेच्या तसे सांगितले. पोरी बेसवर पळत होत्या. तो पायरीवर बसला. मग हळूच म्हणाला, "ती दार उघडंल का?"

"ते मला काय माहीत."

"सकाळची कलबुर्गीची गाडी किती वाजता हाय?"

"कलबुर्गीला गाड्या दिवसभर आहेत," मी म्हटलं. "उठ."